बाकावर उभे राहणारे मास्टरसाहेब

मास्टरसाहेब वर्गात चुकले की बाकावर उभे राहत. फळ्यावर इंग्रजी शब्दातलं एखादं अक्षर मागंपुढं झालं, किंवा ज्यानं खोडी केली नव्हती त्याच्यावर ते ओरडले, की खडू खाली ठेवत, पायांतले जोडे काढून भिंतीशी नीट जोडीनं लावत, पहिल्या बाकावरच्या दोघांना "जरा सरका, मियाँ" म्हणत आणि काळ्या शेरवानीसकट वर चढत. पाच मिनिटं. खिशात घड्याळ असे, पण ते स्वतः बघत नसत. वेळ बघायचं काम ज्याला उगाच बोलणी खावी लागली त्या मुलाकडं. एकदा एका खट्याळ पोरानं पाचाची पंधरा मिनिटं केली. मास्टरसाहेब मुकाट उभे राहिले. उतरल्यावर म्हणाले, "हरकत नाही. राग पाच मिनिटांत उतरत नाही, मलाही ठाऊक आहे."

गावात याची टवाळी व्हायची. पानपट्टीवर कुणी सुपारी चुकीची कातरली तरी लोक म्हणायचे, "चढ की आता बाकावर." हेडमास्तरांना हा प्रकार मुळीच खपत नसे. शिक्षकानं शिक्षा करायची, भोगायची नाही, असं ते म्हणत. मास्टरसाहेब त्यावर मान हलवत आणि पुन्हा चढत.

हे धाराशिवचं सांगतोय. सरकारी कागदावर उस्मानाबाद, बोलण्यात धाराशिव. निजामाचं राज्य होतं, शाळेत सगळे विषय उर्दूतून चालत आणि इंग्रजी मास्टरसाहेब शिकवत. मी खालच्या वर्गांना गणित शिकवायचो. तेरहून आलेला, विशी ओलांडलेला, नोकरी कच्ची. माझं इंग्रजीही कच्चंच होतं, म्हणून हेडमास्तरांची परवानगी काढून रिकाम्या तासाला मी मॅट्रिकच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसत असे. मला तिथं बसू दिलं, ही मास्टरसाहेबांची माझ्यावरची पहिली मेहेरबानी. शेवटची कुठली, ते पुढं येईल.

एकटे राहत. दर्ग्याच्या मागच्या गल्लीत एक खोली, एक बाज, एक कंदील, दोन शेरवान्या. एक काळी आणि दुसरीही काळी. रस्त्यानं चालताना अगदी गटाराच्या कडेनं चालत, समोरच्याला बाजूला व्हायची वेळ येऊ नये म्हणून. वर्तमानपत्र आठ दिवस शिळं करून वाचत. "ताज्या बातमीला लई घाई असते," म्हणत. "आठ दिवसांनी जी खरी उरते ती वाचावी." आणि वर्गात काहीही झालं तरी "कोणी केलं?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. एकदा त्यांच्या खुर्चीवर शाई सांडून ठेवलेली होती. ते बसले, उठले, मागं हात लावून पाहिला. मास्टरसाहेब म्हणाले, "ज्यानं केलं त्याला ठाऊक आहे. बाकीच्यांनी जाणून काय करायचं?" आणि धडा पुढं सुरू केला. तो दिवसभर ती शाई शेरवानीवर घेऊन ते गावातून हिंडले.

"ज्यानं केलं त्याला ठाऊक आहे" हे वाक्य मी तेव्हा हसून सोडून दिलं होतं.

त्यांच्याजवळ एक इंग्रजी कादंबरी होती. अभ्यासक्रमातली नव्हे. पुठ्ठा आणि पुढची पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळं तिचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. ते "वो किताब" म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. शुक्रवारच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी शेवटचा तास त्या किताबीचा. हात धुऊन, पुसून मगच ती उघडत. गोष्ट अशी, की देवाधर्माची फार कडक माणसं समुद्रापल्याड गेली, जंगलाच्या कडेला त्यांनी गाव वसवलं आणि देवाचं गाव म्हणून त्यात सगळ्यांत आधी तुरुंग बांधला. एका बाईला नवरा जवळ नसताना मूल झालं. तिला मचाणावर उभं केलं आणि छातीवर जन्मभर वागवायला कापडाची एक तांबडी खूण दिली. तिनं बापाचं नाव सांगितलं नाही. बाप होता गावातला धर्मोपदेशक, ज्याचं प्रवचन ऐकून लोक रडत. तो वर सज्जात, गावच्या मानकऱ्यांत उभा.

मास्टरसाहेब ती गोष्ट वाचत कमी आणि विचारत जास्त. "तुरुंगाच्या दारात त्यानं गुलाबाचं झाड दाखवलंय. का?" मग खिडकीबाहेर बोट दाखवून, "आपल्या कचेरीच्या तुरुंगापुढं काय आहे?"

"तरवड, मास्टरसाब."

"मग आपल्याकडं तरवड. शिक्षा जिथं चालते, तिथंसुद्धा काहीतरी बिनहुकमाचं उगवतं. एवढंच." मग पान उलटून, "तिनं त्या खुणेला जरीचं काम केलं. खूण गावानं दिली, जर तिनं लावली. आता ती खूण कोणाची?"

इरण्णा नावाचा एक मुलगा होता. जळकोटचा, घरात कानडी आणि दारात मराठी बोलणारा. माझ्या खोलीच्या शेजारी राहायचा, मला दादा म्हणायचा. त्याची आई महिन्यातून एकदा बैलगाडीनं यायची, त्याच्याबरोबर माझ्यासाठीही शेंगांची चटणी आणायची. तो उठून म्हणाला, "वाचणाराची, मास्टरसाब."

मास्टरसाहेबांनी किताब मिटली. "बैठ जा," म्हणाले. "आज माझं काम संपलं."

पण त्यांना एवढ्यावर थांबवेना. कचेरीत कागदांची गाठोडी बांधायला तांबडं जाड कापड असे. त्याचा तळहाताएवढा तुकडा त्यांनी मिळवला. तो टाचणीनं एका मुलाच्या छातीवर लावायचा. दुसऱ्या दिवशी त्याच तासापर्यंत काढायचा नाही. बाजारातून जायचं, पाणवठ्यावरून जायचं, आणि कशाचं आहे असं कुणी विचारलं तर सांगायचं नाही. मग वर्गात येऊन लोक काय काय म्हणाले ते लिहायचं. मुलं लिहून आणायची. कुणाला वाटलं देवीची लस टोचली. कुणाला वाटलं नवस. एका म्हातारीनं पोराला हाकलून दिलं, "साथीचं घर हाय, लांब हो." एका मुलाला त्याच्या मामानं न विचारताच मारलं, कशाबद्दल ते मामालाही सांगता आलं नाही.

इरण्णानं तो तुकडा तीन दिवस वागवला. जळकोटलाही घालून गेला. परत आणला तेव्हा कडा दुमडून टीप घातलेली होती. "आईनं केलं," म्हणाला. "धागे सुटाय लागले हुते. काय हाय म्हनून इचारलं न्हाय तिनं. म्हनाली, आंगावर वागवायचं तर नीट असावं."

एकदा मास्टरसाहेबांनी तो माझ्यापुढं धरला. "तू घे आज."

मी हसलो. "माझ्या लग्नाची बोलणी चाललीत, मास्टरसाहेब. लोक काय म्हणतील?"

"बस्स," ते म्हणाले. "पूरी किताब समझ गया तू."

पोरं हसली. मीही हसलो.

पुढची दोन-तीन वर्षं अंधारत गेली. रझाकारांच्या टोळ्या फिरू लागल्या, शाळा निम्मी ओस पडली, घरातली शहाणी माणसं हळू आवाजात बोलू लागली. इरण्णा शाळा सोडून निजामाविरुद्धच्या चळवळीत गेला. सरहद्दीपलीकडून, सोलापूरकडून पत्रकांची गाठोडी घेऊन यायचा आणि गावोगाव पोचवायचा. त्या उन्हाळ्यात एका दुपारी तो माझ्या खोलीवर आला, बाजेखाली एक गाठोडं सरकवलं आणि म्हणाला, "दादा, चार दिवस ऱ्हाऊ द्या. म्या तुमच्याच गावात हाय."

तेरला नदीकाठी पांढरीची, म्हणजे जुन्या गाडलेल्या वस्तीची, टेकाडं आहेत. पावसानंतर तिथं मणी सापडतात, जुनी खापरं सापडतात. विटांसाठी माती उकरून उकरून एका टेकाडाला आत पोकळी झाली होती. लहानपणी मी तिथं लपाछपी खेळलो होतो. ती जागा इरण्णाला मीच कधीतरी सांगितलेली. आता तो तिथं होता, हे तिघांना ठाऊक होतं: त्याला, मला आणि मास्टरसाहेबांना. मास्टरसाहेब त्या दिवसांत फिरायला म्हणून तेरकडं जाणारी बैलगाडी धरत. शेरवानीच्या खिशात भाकरी असे.

तिसऱ्या दिवशी मला ठाण्यावर बोलावणं आलं.

आता जे लिहायचं ते लिहायला मला वीस वर्षं लागली. मला कुणी मारलं नाही. कुणी हात लावला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. अमीनसाहेबांनी, म्हणजे तिथल्या फौजदारांनी, खुर्ची दिली. चहा मागवला. "वो जळकोट का लडका आपका दोस्त है ना?" विचारलं. मी म्हणालो, ओळख आहे. त्यांनी टेबलावरची पट्टी सरळ केली. "नोकरी पक्की झाली का आपली, मास्टर? लग्न ठरलं म्हणतात." एवढंच. धमकी म्हणावी तर धमकीही नव्हती. गाठोड्याचा त्यांना पत्ता नव्हता, हे मला नंतर कळलं. माझ्या डोळ्यांपुढं मात्र ती बाज आली, तिच्याखालचं गाठोडं आलं, होणाऱ्या सासऱ्याचा चेहरा आला. मी म्हणालो, "तेर. पांढरीचं टेकाड. नदीच्या अंगाचं."

चहा अजून गरम होता. मी तो प्यालो. न पिणं बरं दिसलं नसतं.

इरण्णाला त्याच संध्याकाळी धरलं. गाठोडं मी आडात टाकलं. महिन्याभरात गुलबर्ग्याच्या तुरुंगातून बातमी आली की तो तापानं गेला.

त्याला धरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा मागच्या बाकावर जाऊन बसलो. वर्गात दहा-अकरा मुलं होती. मास्टरसाहेब आले. हजेरी घेतली नाही. जोडे काढून भिंतीशी लावले आणि पहिल्या बाकावर चढले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एका मुलानं विचारलं, "मास्टरसाब, काय चुकलं?"

"मोठी चूक झाली, बेटा."

"कंची?"

ते तास संपेपर्यंत तसेच उभे राहिले. घंटा झाल्यावर उतरताना त्यांचा पाय लटपटला. मी सावरायला पुढं झालो नाही.

दिवेलागणीपर्यंत गावानं निकाल देऊन टाकला होता. "मास्टरसाब उगं बाकावर चढत न्हाईत." "टेकाडाकडं रोज कोन जात हुतं? म्या बघितलंय." "अमीन त्यांच्याकडं इंग्रजी कागद घिऊन जातो की." "आन् सोताच कबूल केलं. लेकरांम्होरं." दुसऱ्या कुठल्या गावात असं झालं नसतं. दुसऱ्या गावात मास्तर बाकावर चढला असता तर लोक त्याला वेडा म्हणाले असते. आमच्या गावाला मात्र त्यांची सवय माहीत होती, म्हणून आमचं गाव चुकलं. आणि मला पहिल्यांदा शांत झोप लागली. हे खोटं लिहिता येणार नाही.

मग निजामाचं राज्य गेलं. फौज आली, झेंडे आले. त्या दिवसांत आमच्या भागात पुष्कळ घरं जळली आणि ती कोणाची होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. मास्टरसाहेब खोलीतच होते. कुठं गेले नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भर दुपारी लोक त्यांना चावडीपुढं घेऊन आले. इरण्णाच्या आईला जळकोटहून आणलेलं होतं. माझे घरमालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ओट्याशी उभे होते. अण्णांचं सोवळं गावात नावाजलेलं. स्नानपूजेशिवाय पाण्याचा थेंब घेत नसत, आणि त्यांचा शब्द खाली पडत नसे. काही जणांच्या हातांत काठ्या होत्या, काहींच्या हातांत काठ्यांहून वाईट.

"काय मास्टरसाब," कुणीतरी ओरडलं, "आज बाक न्हाय आनला?"

"ओटा हाय की! चढा, चढा!"

लोक हसले. मास्टरसाहेबांनी जोडे काढले, ओट्याच्या पायाशी जोडीनं लावले आणि स्वतःहून चढले. हसणं थांबलं.

अण्णा म्हणाले, "मारायचं न्हाय. मारलं तर एका दिवसात सुटंल. खूण लावा त्याला. त्याचीच इद्या, त्याच्याच छातीवर. गावात हाय तंवर काढायची न्हाय." मास्टरसाहेबांच्या खोलीतून किताब आणली होती, पानांत तो तांबडा तुकडा होता. अण्णांनी तो बाहेर काढला, गर्दीवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली. "तू शिकलेला. इरण्णाचा दोस्त. तूच लाव."

मी ओट्यावर चढलो.

मास्टरसाहेबांनी माझ्याकडं रोखून पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो. त्यांनी पाहिलं नाही. ते माझ्या हातांकडं पाहत होते. टाचणी शेरवानीच्या जाड कापडात शिरेना. तुकडा एका अंगाला कलला. तेव्हा फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात, वह्या तपासताना समास वाकडा दिसला की बोलत त्याच आवाजात, ते म्हणाले, "सरळ लाव. तिरपं दिसतंय."

मी काढून सरळ लावलं.

इरण्णाची आई पुढं आली. ती काही फेकून मारील असं लोकांना वाटलं. तिनं तुकड्याकडं पाहिलं. स्वतःची टीप तिनं ओळखली असणार. म्हणाली, "मास्तर, तुमी सांगितलं का माझ्या लेकराचं ठिकान?"

"अम्मा, माझी चूक झाली," ते म्हणाले. तेवढंच.

"तितं त्याला जेवाय कोन देत हुतं?"

"मी."

"शेवटी काय दिलं?"

"ज्वारीची भाकरी. कांदा. थोडा गूळ."

तिनं मान हलवली. "गूळ त्याला आवडायचा," म्हणाली आणि पदर तोंडावर घेऊन खाली बसली. गर्दीला यातलं काही उमगलं नाही. लोक पांगले. त्या संध्याकाळी अण्णांनी मला घरी बोलावून पेढा दिला.

शाळेतून त्यांना काढलं. मी कायम झालो. मास्टरसाहेब तो तुकडा छातीवर घेऊन गटाराच्या कडेनं चालत राहिले. काढत नसत, अंगावरून शेरवानी काढली की दुसऱ्या शेरवानीला लावत, सरळ. वर्षभरात एक गोष्ट घडली. राज्य बदललं, पण लोकांच्या जमिनीचे जुने कागद उर्दूत होते आणि नव्या कचेरीत ते वाचणारं कुणी सापडेना. कुणीतरी मास्टरसाहेबांकडं गेलं. मग दुसरं गेलं. ते कचेरीबाहेर लिंबाखाली बसू लागले. खेड्यांतून येणारी माणसं स्टँडवर विचारायची, "ते तांबड्या बिल्ल्याचे मास्तर कुटं बसत्यात?" भूमकडच्या एका शेतकऱ्याला मी बायकोला समजावताना ऐकलं, "सरकारनं दिलाय त्यो. लई खात्रीचा मानूस असल्याबिगर देत न्हाईत." मास्टरसाहेबांनीही ते ऐकलं असावं. त्यांनी चष्मा पुसला आणि कागद उजेडाकडं धरला.

एका दुपारी गर्दी नव्हती तेव्हा मी त्या लिंबाखाली गेलो. उभ्याउभ्याच म्हणालो, "मास्टरसाहेब, मी सगळ्यांना सांगतो."

"सांग."

मी तसाच उभा.

"मला विचारायला का आलास?" ते म्हणाले. "मी नको म्हणावं म्हणून? मी नको म्हणणार नाही. सांग म्हणूनही पाठीशी लागणार नाही. ज्यानं केलं त्याला ठाऊक आहे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी, वर्गाच्या दारातून पाहिलं तेव्हा. तू मागच्या बाकावर आलास, बसलास, आणि इरण्णाचं नाव काढलं नाहीस. सगळा वर्ग तेच बोलत होता."

"मग बाकावर तुम्ही का चढलात? चूक माझी होती."

त्यांनी हातातला कागद घडी करून मांडीवर ठेवला. "गाठोडं कुठं ठेवू, असं त्यानं मला विचारलं होतं. मी म्हणालो, त्या गणितवाल्याकडं ठेव, भला माणूस आहे." मग थोडं थांबून, "लोकांना खूण वाचायला शिकवली जन्मभर. माणूस वाचताना चुकलो. त्याला बाकावर नाही चढायचं तर कशाला चढायचं?"

मी परत आलो. कुणाला काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, पोरगी झाल्यावर सांगू, बढती होऊन जाऊ दे मग सांगू.

त्या थंडीत ते गेले. मी मातीला गेलो होतो, मागं उभा राहिलो. अंघोळ घालणारा म्हातारा मला शोधत आला. हातात ती किताब होती. "मरहूम बोलके गये थे," तो म्हणाला, "हिसाब के मास्टर को देना." किताबीत तुकडा होता, टाचणीसकट. चिठ्ठी नव्हती. मी सगळी पानं उलटून पाहिली.

आता मी त्याच गावात हेडमास्तर आहे. दर सप्टेंबरात, निजामाचं राज्य गेल्याच्या दिवशी, झेंडावंदनाला लोक मला चळवळीतला माणूस म्हणून पहिल्या रांगेत बसवतात. हुतात्मा इरण्णाचा जिवलग म्हणून चार शब्द बोलायला लावतात. मी बोलतो. बायका डोळे पुसतात. ते चार शब्द संपले की घरी येऊन मी काही खात नाही, आणि बायकोला वाटतं मित्राच्या आठवणीनं.

यंदा सकाळी मी पेटी उघडली, तो तुकडा काढला आणि कोटावर लावला. आरशापुढं उभा राहून सरळ लावला. ठरवलं, आज कुणीतरी विचारील, आणि विचारलं की सांगायचं. कसलं आहे म्हणाला कुणी, की तिथंच, झेंड्याखाली, सगळ्यांसमोर.

मैदानात शिरलो तर एका तरुण शिक्षकानं वाकून नमस्कार केला. "सर, बिल्ला छान दिसतोय. कमिटीनं दिला का? स्वातंत्र्यसैनिकांनाच फक्त?" तहसीलदारांनी त्याकडं आदरानं पाहिलं. पोरांच्या ओळीनं सलामी दिली. एकानंही विचारलं नाही. सगळ्यांनी आपापलं वाचून टाकलं होतं. मास्टरसाहेबांची खूण लोकांनी उजळवली, कारण त्यांनी लिंबाखाली बसून माणसांचे कागद वाचले. माझी तर मी काही न करताच चकाकत होती. मी बोलायला उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि दरवर्षीचेच चार शब्द बाहेर पडले.

मैदानातून मी घरी गेलो नाही. तसाच स्टँडवर गेलो आणि जळकोटची एसटी धरली.

म्हातारी अंगणात बसून सुपात तूर निवडत होती. डोळे जवळजवळ गेलेले. बोटांनीच खडा शोधून बाजूला टाकत होती. मी नाव सांगितलं. "ये तम्मा, किती वर्सांनी," कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं म्हणाली, आणि पूर्वीसारखा हात पुढं केला. मी वाकलो. तिचा हात माझ्या खांद्यावरून कोटावर आला आणि छातीवर थांबला. बोटं कापडाच्या कडेवरून फिरली. एकदा फिरली, पुन्हा फिरली, टिपेच्या गाठीपाशी येऊन थांबली.

"ही माझी टीप हाय," ती म्हणाली. "हे मास्तरांचं. तुझ्याकडं कसं?"

वीस वर्षांत हा एकच प्रश्न मला कुणी विचारला. मी सांगितलं. ठाणं, चहा, टेकाड. मास्टरसाहेब बाकावर का चढले ते. काही उरवलं नाही.

तिनं हात काढून घेतला. मग म्हणाली, "आन् त्या दिवशी टाचणी तूच लावलीस न्हाय?"

"व्हय."

"म्या त्या मानसाला कंदी सांगावासुदिक धाडला न्हाय," ती म्हणाली. "माझ्या लेकराला गूळ देनाऱ्या मानसाला." आणि सूप पुढं ओढून पुन्हा तूर निवडू लागली.

आमच्या भागात दारात आलेल्या माणसाला आधी बस म्हणतात, मग कोण म्हणून विचारतात. वैऱ्यालाही म्हणतात. तिनं मला बस म्हटलं नाही. जा असंही म्हटलं नाही. ऊन ओट्यावरून खाली उतरलं, अंगणात आलं, माझ्या पायांवर आलं. सुपातला एकेक खडा दगडावर पडल्याचा आवाज येत होता. मी जोडे काढले, भिंतीशी जोडीनं लावले, आणि उभा राहिलो.